चाकं पसंत नाहीत

सरांकडे जायचं तर आपलं नाव घरी ठेवून जावं लागायचं. आयटीआयला टर्नर ट्रेडच्या पहिल्या दिवशी त्यांनी हजेरीच्या वहीत डोकं खुपसूनच मला विचारलं, "कुठून येतेस?" मी म्हटलं, "पालेगाव." झालं. त्या दिवसापासून मी पालेगाव. माझ्या बाजूच्या लेथवर बदलापूर, त्याच्या पलीकडे कॅम्प चार, आणि एक बिचारा वांगणीहून यायचा तो वांगणी. पुढे वर्गात दोन बदलापूर झाले, तेव्हा सरांनी एकाला पूर्व केलं आणि दुसऱ्याला पश्चिम. नावं आईबाप हौसेने ठेवतात, त्यातून काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. "गाव सांगितलं की कळतं, पोरगं किती वाजता उठून आलंय."

वीस पोरं आणि मी एकटी मुलगी. मुलगी म्हणून त्यांनी मला कधी सूट दिली नाही आणि मुलगी म्हणून कधी टोमणाही मारला नाही. माझा पहिला जॉब, म्हणजे लेथवर कातलेला तुकडा, केसभर बारीक झाला होता. सरांनी तो माप घ्यायच्या व्हर्नियरमध्ये धरला, नाक मुरडलं आणि सरळ भंगाराच्या डब्यात टाकला. मी रडवेली झाले. ते म्हणाले, "माप खोटं बोलत नाही, पालेगाव. मापणारा बोलतो." मला इतका राग आला की दुसरा जॉब मी दात-ओठ खाऊन केला, आणि तो बरोबर निघाला. तेव्हा म्हणाले, "रागावलीस की हात चांगला चालतो तुझा. रागवत जा." मी अजून त्यांचं ऐकते.

व्हर्नियर त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनासारखा असायचा. डबा उघडला की आधी भाकरीची जाडी मोजायचे आणि घरी फोन लावायचे. "सिस्टर, आज साडेतीन मिलिमीटर. काल तीन होती." सिस्टर म्हणजे त्यांची बायको. नगरपालिकेच्या दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या, त्यामुळे अख्खं अंबरनाथ पश्चिम त्यांना सिस्टर म्हणायचं आणि सरही म्हणायचे. बायकोला सिस्टर म्हणतो म्हणून लोक फिदीफिदी हसायचे. सरांना त्याचं काही नव्हतं. पलीकडून सिस्टरचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू यायचा, "गिळा गपचूप. उद्या तुम्हीच थापा."

रिटायर झाल्यावर सरांनी कॅम्प चारमध्ये एक गाळा घेतला. एका बाजूला फर्निचरवाला, दुसऱ्या बाजूला गाड्यांची चाकं-टायर विकणारा एक सिंधी, ज्याला आम्ही साईं म्हणायचो. मी तोवर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते, तिथे सुपरवायझरशी माझं वाजलं आणि मी नोकरी सोडून सरांच्या गाळ्यात आले. अर्ध्या गाळ्यात लेथ लावून आम्ही लोकांची कामं करायचो. उरलेल्या अर्ध्या गाळ्यात गाडी होती.

गाडी म्हणजे जुन्या विलायती स्पोर्ट्स कारची नक्कल. दोन सीटची, वर टप नाही, नाक लांब आणि बूड आखूड. सरांचे वडील एका कारखान्याच्या गेटवर होते, आणि तिथला मोठा साहेब तसली गाडी घेऊन यायचा. वडील गेट उघडायचे, सलाम ठोकायचे. गाडी उभी असली की हा पोरगा चोरून तिला विती लावायचा. किती वीत लांब, किती वीत रुंद, चाक जमिनीपासून किती वीत, सगळं पाटीवर लिहून ठेवायचा. एकदा साहेबाने बघितलं आणि वडिलांना सगळ्यांसमोर झापलं. सर हे हसत सांगायचे, पण गोष्ट तिथेच थांबवायचे.

लग्न झालं तेव्हा त्यांनी सिस्टरना सांगितलं होतं, "मी तसली गाडी बनवणार. पहिली फेरी तुझी." सिस्टर म्हणाल्या होत्या, आधी स्टोव्ह नीट करा, भडकतोय. पण शब्द दिला तो दिला. रिटायर झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, सरांनी पत्रा ठोकायला घेतला. इंजिन एका जुन्या हॅचबॅकचं, चासीचा सांगाडा आम्ही स्वतः वेल्डिंग करून बनवलेला, आणि बॉडीचा एकेक पत्रा हाताने ठोकून वळवलेला. पुढच्या चाकांवरच्या कमानी ठोकायला आम्हाला आख्खा उन्हाळा लागला. माझ्या दंडाला अजून त्याची आठवण आहे.

गाडी झाली. रंग झाला, गडद हिरवा. सीट झाल्या. फक्त चाकं नव्हती, कारण सरांना चाकं पसंत पडत नव्हती. चार वर्षं गाडी विटांवर उभी होती, म्हणजे बघा. माझी आई दर सणाला विचारायची, "काय गो, ती गारी अजून तशीच हाय? बिनाचाकाची?" मी काय सांगणार, कपाळ!

साईं तर रोज एक जोडी घेऊन यायचा. चकचकीत अलॉय, हाताच्या पंजासारखे पाच दांडे. "काका, चार साल से ईंटों पे खडी है, मुर्गी अंडे देके जायेगी उसमें. ये देखो, एकदम फर्स्ट कॉपी!"

"कशाची?"

"अरे, ओरिजिनल की."

"ओरिजिनल बघितलंयस तू?"

"किसने देखा है काका!"

"मी बघितलंय," सर म्हणायचे. "तारांची चाकं होती. पंधरा इंची. आणि साईं, नकलेला अक्कल लागते. ही चाकं म्हणजे लग्नातला मामा, नुसता चमकतोय."

साईं हसायचा आणि चहा सांगायचा. माणूस दिलदार, पण हार मानणारा नव्हता. तारांची चाकंसुद्धा आणली त्याने दोन वेळा. सर प्रत्येक चाक आसावर चढवायचे, गरकन फिरवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मग पान्याने एकेक तार वाजवायचे. साठ-सत्तर तारा! एखादी भद्द वाजली की चाक परत. "एक तार ढिली असली की बाकीच्यांवर भार येतो. घरासारखंच असतं." मी म्हणायचे, सर, ढिली तार आवळता येते. तर म्हणायचे, "आवळता येते, पण ज्याने ढिली सोडली त्याचं बाकीचं काम कसं असेल?"

मला घाई होती ती वेगळ्याच कारणाने. सिस्टरचे गुडघे. तीस-पस्तीस वर्षं वॉर्डात उभं राहून त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं, तर म्हणाल्या, "मी टेबलाच्या या बाजूला उभी राहिलेली बाई आहे. त्या बाजूला झोपणार नाही." दर वर्षी त्या थोड्या हळू चालायला लागल्या होत्या. आधी बाजारातून चालत यायच्या, मग रिक्षाने, मग बाजार बंद. गाडी आधी रस्त्यावर येते की सिस्टरचं हिंडणं आधी थांबतं, अशी शर्यत लागली होती, आणि हा माणूस तारा वाजवत बसला होता. मी तोंडावर बोलले तसं. सर म्हणाले, "पहिली फेरी भंगार चाकांवर नाही द्यायची मला तिला."

शेवटी चाकं मीच शोधली. जुन्या गाड्यांचं सामान ठेवणाऱ्या एका म्हाताऱ्या पारशाकडे, पार ग्रँट रोडला. पंधरा इंची, तारांची, स्टेपनी धरून पाचही. टेम्पोत घालून आणली. सरांनी एकेक फिरवलं, एकेक तार वाजवली. सकाळची दुपार झाली. साईं दुकान सोडून दारात उभा. शेवटचं चाक थांबलं तेव्हा सरांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "पसंत." साईंने टाळ्या वाजवल्या. चाकं काय त्याने विकली नव्हती, पण पेढे त्याने वाटले!

चार दिवसांत चाकं चढवली, विटा काढल्या. गाडी पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभी राहिली. सिस्टरना रिक्षाने बोलावून घेतलं, नवीन साडीत आल्या. इंजिनाचं थोडं काम बाकी होतं, म्हणून आज नुसतं बसून बघायचं ठरलं होतं. सरांनी दार उघडलं, सिस्टर वळल्या आणि धपकन बसल्या. हसल्या. स्टिअरिंगला हात लावला, काचेवरून बाहेर बघितलं. "बरी आहे हो," म्हणाल्या. सिस्टरच्या तोंडून बरी म्हणजे फार झालं.

मग उठायला गेल्या आणि उठता येईना. तसल्या गाडीची सीट जमिनीला टेकलेलीच असते. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. दाराला धरलं, काचेला धरलं. शेवटी एका बाजूने मी आणि एका बाजूने सर, असं त्यांना ओढून बाहेर काढलं. सिस्टर हसत होत्या, पण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते हसण्याचं नव्हतं. साडी नीट करत म्हणाल्या, "राहू दे हो. मी गाळ्याच्या दारातून बघेन. पहिली फेरी या पोरीला द्या, तिने राबून केलंय."

सरांनी गाडीचं दार लावलं. दुसऱ्या दिवशी मी गाळ्यात आले तर गाडी परत विटांवर, आणि पाचही चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली.

"हे काय?"

"चाकं पसंत नाहीत," सर म्हणाले.

मी तर खवळलेच. काल पसंत होती, आज काय झालं? आठ-दहा दिवस त्यांनी सीटची गादी जाड करून बघितली, पण तशी केली की गुडघा डॅशबोर्डखाली अडकायचा, आणि गुडघा मोकळा सुटणं हीच तर खरी गोष्ट. तो नाद त्यांनी सोडला. मी समजले, संपलं, आता ही गाडी विटांवरच जाणार. भिंतीवर त्यांनी खडूने 'पावणेचौदा' लिहिलं होतं आणि शेजारी नुसतं प्रश्नचिन्ह. मला वाटलं कुठल्यातरी पार्टचं माप असेल. पुढचे काही महिने, दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या सोमवारी, त्या प्रश्नचिन्हाच्या जागी आकडा यायचा. सतरा. साडेसोळा. सोळा. दर वेळी आधीचा पुसून नवा. विचारलं तर म्हणायचे, "आपलं काम कर."

आणि एके दिवशी तिथे 'सव्वापंधरा' आलं आणि त्याभोवती गोल आला. त्याच दिवशी सर साईंकडे गेले आणि सोळा इंची चाकं घेऊन आले. तारांचीच, पण सोळा इंची! वर टायर असे जाडजूड की शेतातल्या ट्रॉलीला शोभावेत. गाडी दीड इंच वर उचलली जाणार. आणि ती चाकं कमानीत मावत नव्हती, म्हणून सरांनी ग्राइंडर घेतला आणि आम्ही उन्हाळाभर ठोकलेल्या कमानीची कड कापायला सुरुवात केली.

मी ग्राइंडरची वायर खेचली. "सर, डोकं फिरलंय का तुमचं? केसभर फरकासाठी तुम्ही माझा जॉब भंगारात टाकला होता. साईंचे अलॉय नाकारले, दोन सेट परत पाठवले, माझी चाकं नाकारली. आणि आता हे? ही नक्कल पण राहिली नाही. ही कशाचीच राहिली नाही!"

सर शांतपणे म्हणाले, "वायर लाव, पालेगाव."

"तुम्हीच लावा," म्हटलं, आणि निघून आले. आठ दिवस गेले नाही. बरं, फोनही आला नाही. शेवटी म्हटलं, गाळ्याची चावी तरी देऊन येऊ, आणि अंबरनाथला त्यांच्या घरी गेले. सर नव्हते. सिस्टरनी दार उघडलं. त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मेथी निवडता निवडता उठून आल्या होत्या. आत जाताच त्यांनी आपल्या स्टुलाकडे हात केला, "बस त्याच्यावर, मी चहा टाकते. सांभाळून हं. रोज थोडा थोडा बुटका होतोय मेला."

मी बसले. खरंच बुटका होता. आणि डुगडुगत नव्हता, म्हणजे चारही पाय एकदम सारखे. असे पाय आमच्याकडचाच माणूस कापू शकतो. सिस्टर ओट्याकडे तोंड करून चहा टाकत होत्या, तेवढ्यात मी उठून स्टूल उलटा केला. पायांना करवतीचे ताजे वळ होते आणि तळाला पाव-पाव इंच रबर ठोकलेलं. फळीच्या खालच्या बाजूला सरांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: सतरा, आरामात. साडेसोळा, आरामात. सोळा, बरं. साडेपंधरा, वेळ लागला. पंधरा, ओट्याला हात टेकला. आणि त्याखाली, सव्वापंधरा, हात न लावता.

एखाद्या रविवारी सिस्टर विहारात गेल्या की हा माणूस घरी बसून स्टुलाचे पाय कापत होता, आणि मग पुढचे दोन-तीन आठवडे चोरून बघत होता की बायको उठते कशी. सिस्टर जितक्या खालून आपल्या आपण उठू शकतात, तितकी गाडीची सीट उंच हवी होती. माझ्या चाकांवर ती पावणेचौदावर होती. दीड इंच कमी पडत होतं आणि ते दीड इंच फक्त चाकांतूनच मिळणार होतं. मी गाढव. भिंतीवर महिनोन्‌महिने लिहिलेलं होतं आणि मी टर्नर असून मला वाचता आलं नाही. मला इतकं भरून आलं की सिस्टर चहा घेऊन वळल्या तेव्हा मी स्टूल सरळ करून त्यांच्याकडे पाठ करून बसले होते.

"काय गं, काम काय होतं?"

"काही नाही. चावी विसरले की काय बघायला आले होते. आहे खिशात."

गाळ्यात गेले तर सर एकटेच कमानीची कड फाइलने घासत होते. मी दुसरी फाइल घेतली आणि पलीकडची कड घासायला लागले. थोड्या वेळाने सर म्हणाले, "पालेगाव, तुझी कड माझ्यापेक्षा सरळ आहे." आयुष्यात पहिल्यांदा.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी गाडी निघाली. साईंने नारळ फोडला, मी स्कूटरवर मागे. सिस्टर दारातून आत गेल्या, अलगद बसल्या, डोक्याला स्कार्फ बांधला. कॅम्प चारमधून अंबरनाथ, तिथून बदलापूर. लोक रिक्षातून मान बाहेर काढून बघत होते, एका शाळेच्या बसमधली पोरं ओरडत होती आणि सर ताशी तीसच्या वर जायला तयार नव्हते. मागून मी हॉर्न मारून मारून थकले. बदलापूर संपून भातखाचरं लागतात तिथे एका चहाच्या टपरीवर थांबलो.

टपरीवर एक पन्नाशीचा माणूस होता. भारी शर्ट, भारी गॉगल, बाजूला भारी गाडी. त्याने आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली, दोन मारल्या. त्याला कळतं हे लगेच दिसत होतं, कारण त्याने रंगाकडे बघितलंच नाही, पत्र्याच्या वळणावर हात फिरवला. "काका, तुम्ही बनवलीत? हाताने? मानलं बुवा." मग खाली वाकला. "पण चाकांत घाण केलीत हो. हिला पंधरा इंची लागतात. सोळाची टाकलीत, वर एवढे मोठे टायर, कमान कापलीत. एवढं मापात काम केलंत आणि इथे येऊन कसे काय चुकलात?"

माझ्या डोक्यात सणक गेली. तोंड उघडणार तेवढ्यात सर म्हणाले, "आपल्याकडचे रस्ते खराब आहेत ना. म्हणून जरा उंच घेतली." खोटं बोलताना मी सरांना पहिल्यांदाच बघत होते आणि त्यांना ते बिलकुल जमत नव्हतं. कान लाल झाले होते.

तेवढ्यात गाडीचं दार उघडलं. सिस्टरनी एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा. दाराला धरलं नाही, काचेला धरलं नाही, सर पुढे झाले तर त्यांना हातानेच थांबवलं. आणि उठल्या. सरळ उभ्या राहिल्या, पदर झटकला.

"रस्ते नाहीत हो खराब," त्या माणसाला म्हणाल्या. "गुडघे खराब आहेत, माझे. ह्यांनी गाडी माझ्या गुडघ्यांच्या मापाने उचललीय. त्यांना वाटतं मला काही कळलं नाही."

त्या माणसाने गॉगल काढला. सर टायरकडे बघत राहिले.

"आणि मी मेली पहाटे उठून रोज पाय उचलण्याचा व्यायाम करत होते," सिस्टर म्हणाल्या. "म्हटलं, गुडघे थोडे वळले तर ह्यांना ह्यांची ती बारीक चाकं लावता येतील. लहानपणापासून डोक्यात घेऊन बसलेत. सतरावरून मी सव्वापंधरावर आले, स्टुलाखाली ह्यांनीच लिहून ठेवलंय. पुढचं दीड इंच काही जमलं नाही."

सरांनी वर बघितलं. "मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही सांगितलंत?"